फॉर्म येईल तेव्हा येईल

अहो,

टॅक्सच्या सॉफ्टवेअरवाल्यांशी फोनवर तुमची हुज्जत रंगली होती, म्हणून हाक मारली नाही. निवृत्तीच्या फंडातून पैसे काढल्याचं दाखवायचा फॉर्म सॉफ्टवेअरमध्ये 'लवकरच येईल' असं ते महिनाभर सांगताहेत. फोनवरच्या त्या बिचाऱ्या पोरीवर ओरडून तो आज उगवणार आहे का? चहा थर्मासमध्ये आहे, बीपीची गोळी बशीत. आधी गोळी घ्या, मग खुशाल भांडा.

मी कोपऱ्यावर ब्रेड आणायला जातेय. काठी दाराआड ठेवलीय, ती बघून घाबरू नका. माझ्या ज्या नव्या गुडघ्यांसाठी तुम्ही फंड मोडलात, त्यांच्यावर तीन मजले एकटी उतरतेय. फोन ठेवलात की खाली या, मी चढेन तेव्हा. आधाराला नाही हं, नुसतं बघायला.