दोन सॉफ्टवेअर आणि शेफालीची हळद

शनिवार पेठ, पुणे ३०

ती. मुकुंदराव भावोजी यांना,

श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घातला तर उठवायला हेमाला हाक मारावी लागते).

तुमचा गुडघा कसा आहे? ताई गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करता आणि तो तुम्हाला आवडतो, असं फोनवर म्हणालात. पहिल्या गोष्टीचं हेमाला कौतुक वाटलं, दुसरीवर तिचा विश्वास बसला नाही. मालगाडीचे गार्ड असतानाचं तुमचं हिरवं निशाण अजून दाराआडच्या खुंटीलाच आहे ना? का विचारतो ते पुढे सांगेन, धीर झाला तर. इकडे सर्व क्षेम. हेमाचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, मी नाही, असं तिचं म्हणणं.

भूमिती शिकवायचं थांबल्यापासून मी काय करतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. हसू नका. यात पेटी लागत नाही, तबलजी लागत नाही, मुख्य म्हणजे तबलजीची वाट पाहावी लागत नाही. लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घेतलं की अख्खा स्टुडिओ त्यातच येतो. ढोल त्यात, बासरी त्यात, गायकाचा घसरलेला सूर गुपचूप वर उचलून ठेवायची सोयही त्यातच. असाच माइक जोडायचा डबा घ्यायला बुधवार पेठेत गेलो, तर काउंटरवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ तोच डबा मागत होते. दुकानदार आम्हा दोघांकडे पाहून म्हणाला, “नातवंडांना पाठवा, त्यांना कळेल.” एका वाक्यात दोघांचा अपमान झाल्यामुळे आमची तिथेच मैत्री झाली. हे हडपसरचे आप्पासाहेब. त्यांच्या उसाच्या जागेवर आता काचेच्या इमारती आहेत, आणि उसाला पाणी सोडायच्या वेळेला करायचं काय, हा प्रश्न त्यांनी माझ्यासारखाच सोडवला आहे.

फरक एवढाच, की माझं सॉफ्टवेअर पट्ट्यांचं आणि त्यांचं खोक्यांचं. माझ्याकडे डावीकडून उजवीकडे आखलेल्या पट्ट्या असतात, एकीवर ढोल, दुसरीवर आवाज, आणि गाणं ठरल्या जागी सुरू होऊन ठरल्या जागी संपतं. रेकॉर्ड केलेल्या आवाजातला खोकला कापून काढावा तर यातच. त्यांच्या पडद्यावर नुसती खोकी, प्रत्येकात ठेक्याचा नाहीतर सुराचा एकेक तुकडा. खोक्याला टिचकी मारली की तुकडा सुरू होतो आणि पुरे म्हणेपर्यंत फिरून फिरून वाजत राहतो. थोडक्यात, माझं गाणं दुपारी एकला दुकान बंद करणारं, आणि त्यांचं, पाहुणा उठला की “बसा हो, च्या घेऊन जावा” म्हणणारं. (दोन्ही सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आम्हाला कुठे पाहिलं होतं कोण जाणे.)

तर आप्पासाहेबांची नात शेफाली हिचं लग्न ठरलं. तिने हळदीला डीजे नको म्हणून सांगितलं. माझे आजोबा आणि सर वाजवणार, असं ती सगळ्या मैत्रिणींना सांगून बसली. तिची आजी, म्हणजे मथुराबाई, हळदीची जुनी गाणी सुरेख म्हणतात; ती रेकॉर्ड करून मधला कुकर, कुत्रा आणि शेजारीण कापायला माझ्या पट्ट्या हव्यात. नाचणाऱ्यांना हवं तेवढं नाचवायला त्यांची खोकी हवीत. तेव्हा दोन्ही जोडायचं ठरलं. दोन लॅपटॉप वायरने जोडतात आणि एकाला सांगतात, तू पुढे चाल. दुसऱ्याला सांगतात, तू त्याच्या मागे. पुढच्याने ठेका धरला की मागचा बरोब्बर त्याच्या पावलावर पाऊल टाकतो. पुढचा सुरू होईपर्यंत मात्र मागचा जागचा हलत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, भावोजी. आम्ही ठेवलं नाही.)

मथुराबाईंची गाणी रेकॉर्ड झाली, पण पुढे कोणी राहायचं, यावर त्यांच्या गच्चीत तालीम अडली. मी म्हणालो, शिस्त हवी, पट्ट्या पुढे. ते म्हणाले, “सर, तुमचं गाणं सरकारी हापिसावानी हाय. टाइम झाला की खिडकी बंद.” मी शांतपणे म्हणालो (हेमा म्हणते, मी शांतपणे बोललो की माणसं दुखावतात), “आणि तुमचं एकदा पाट सोडल्यासारखं. बंद करायला कोणाला तरी रानात जावं लागतं.” रानाचं नाव काढायला नको होतं. ज्याचं रान गेलं त्याला ते लागतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. मथुराबाईंनी आणलेला चहा मी एकट्याने प्यायलो आणि पीएमटीने घरी आलो.

त्यानंतर फोन बंद. मी केला नाही, त्यांचा आला नाही. घरात ढोल वाजेना, तशी हेमाच अस्वस्थ झाली. खरं सांगतो भावोजी, मला फार वाईट वाटलं. या वयात भांडायला जुने मित्र पुष्कळ असतात, पण नवा मित्र एखादाच मिळतो, आणि तो मी एका वाक्यात घालवला होता. वर ती पोर डीजे नको म्हणून बसलेली. शेवटी मी मोठेपणा घेतला. माझं सॉफ्टवेअर गुपचूप मागे लावून टाकलं. सांगितलं नाही, कारण सांगितलं तर उपकार केल्यासारखं दिसतं. शिवाय शनिवार पेठेत माघार घेतात, जाहीर करत नाहीत.

हळदीच्या दिवशी लॉनवर मांडव, पिवळे कपडे, माणसंच माणसं. शेफाली पाटावर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न पाहता वायर जोडली आणि कळ दाबली. शांतता. पुन्हा दाबली. पुन्हा शांतता. मला वाटलं, यांनी राग धरून मुद्दाम बंद ठेवलंय. तोंडाकडे पाहिलं तर तेही माझ्याकडे तस्सेच पाहत होते. शेफालीच्या गालांवर हळद होती, तरी खालचा रंग उतरलेला मला दिसला. तेवढ्यात मथुराबाई म्हणाल्या, “तुमची यंत्रं बसूद्या रुसून,” आणि स्वतःच गाऊ लागल्या. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, म्हणून अब्रू राहिली.

मी दात आवळून म्हणालो, “आप्पासाहेब, सुरू करा ना. मी तुमच्या मागे लावलंय.” ते म्हणाले, “आवं, मी तुमच्या मागं लावलंय की!”

म्हणजे त्यांनीही तेच केलं होतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं, आणि दोन्ही लॅपटॉप मघापासून अदबीने एकमेकांची वाट पाहत होते. यावर शहाण्या माणसांनी काय करावं? आम्ही नव्याने भांडलो. तुम्ही पुढे व्हा, न्हाई, तुमी वयानं मोठं, मंगलकार्य तुमचं, पाहुणं तुमी. शेवटी शेफाली पाटावरून उठली, ओल्या हळदीच्या बोटाने माझ्या लॅपटॉपवर दोन टिचक्या मारल्या, एकीने त्याला पुढे केलं, दुसरीने सुरू, आणि म्हणाली, “आता तरी वाजवा!” मग जे वाजलं, भावोजी! आजीचा आवाज माझ्या पट्टीतून, ठेका त्यांच्या खोक्यांतून, आणि आप्पासाहेब टोपी काढून नाचत होते. मी नाचलो नाही. हलत मात्र होतो, असं हेमाचं म्हणणं.

पत्र फार लांबलं. गुडघ्याला जपा, इतकंच.

तुमचा,
श्रीनिवास

ता. क. पुढच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात आमचा कार्यक्रम आहे. तालमी मात्र अजून सुरूच होत नाहीत. आता दोघांनाही मागेच राहायचं आहे, आणि शेफाली सासरी नाशिकला. ज्याच्यापुढे आम्ही दोघंही वाद घालणार नाही असा कोणीतरी पुढे हवा. गार्डाने निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? तेव्हा या. निशाण घेऊन या.

ता. क. २. संगणकाला घाबरू नका. एकच कळ दाबायची आहे. तिच्यावर हळदीचा डाग आहे, मी पुसलेला नाही.

ता. क. ३. हेमा म्हणते, खरं ते लिहा. तर खरं असं, की तुमच्या भाजीचं कौतुक आम्हाला फोनवर ऐकवत नाही. आतली खोली रिकामी केली आहे, परतीचं तिकीट काढू नका. हे आप्पासाहेबांच्या कानावर घालावं म्हणून फोन लावला (तुमच्या गार्डगिरीच्या गोष्टी त्यांनी माझ्याकडून ऐकल्या आहेत), तर “भावोजींना बोलवू या” असं आम्ही दोघं एकदमच बोललो. कोणी कोणासाठी थांबलं नाही.