'नाही' आणि एक मात्रा

प्रिय ताई,

काकांच्या स्मारकावर कोरायच्या ओळीचं प्रूफ मिळालं. 'माझ्या वडिलांच्या दगडावर चूक नको, तुझ्या नजरेखालून गेलं की मी निर्धास्त,' असं तू लिहिलंस. आठ दिवस ते टेबलावर पडून आहे आणि मी त्या खोलीत जायचं टाळतोय.

ती ओळ हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. दवाखान्याच्या भिंतीवर, चहाच्या कपांवर, शाळेच्या फाटकावर, सगळीकडे तीच: 'जिथे विचार थांबतो, तिथे सत्य सुरू होते.' बाबांच्या शोकसभेत अध्यक्षांनी समारोपही तिनेच केला. जन्मभर तर्काची बाजू लढवलेल्या माणसाला धाकट्या भावाच्या ओळीने निरोप. मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं.

कॉलेजात दोघांची टेबलं समोरासमोर होती, तुला आठवत असेल. तत्त्वज्ञान शिकणारी मुलं बाबांना 'कशावरून सर' म्हणायची आणि काकांना 'अनुभव सर'. एकदा बाबांनी भर वर्गात काकांना विचारलं, विचार थांबवला की सत्य सापडतं हे कशावरून? काका म्हणाले, पुस्तकात उत्तर देईन. मग अकरा वर्षं अबोला. खडूचा डबासुद्धा शिपायामार्फत या टेबलावरून त्या टेबलावर जायचा.

पुस्तक आलं त्या दिवशी बाबांनी ताट बाजूला सारून ते वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर आल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, एवढ्यासाठी थांबलो होतो होय. काकांच्या आजारपणातही ते फिरकले नाहीत. त्याचा राग तू अजून धरून आहेस आणि मी तो धरू दिला. आज काकांच्या पुस्तकाच्या चाळीस आवृत्त्या झाल्यात. बाबांचं पुस्तक मी छापखान्यात डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली पाहिलंय.

ताई, काकांच्या त्या पुस्तकाची प्रूफं मी तपासली होती. बावीस वर्षांचा होतो, छापखान्यातली नोकरी नवी आणि शहाणपण उतू चाललेलं. काकांच्या अक्षरात होतं, 'तिथे सत्य सुरू होत नाही.' मला वाटलं, हात चुकला. असं बाबा लिहितील, काका कसे लिहितील? विचारायला तुमच्याकडे गेलो असतो तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी 'नाही' खोडलं आणि 'होत'वर मात्रा चढवली. छापलेली प्रत दिली तेव्हा काकांनी आधी शेवटचं पान उघडून वाचलं. मग विचारलं, प्रूफं दादाने पाहिली होती का? मी घाबरून हो म्हणालो. मग राहू दे, त्याला माझी माघार नको असेल, एवढंच बोलले. पुढे त्यांनी ती ओळ कधी दुरुस्त केली नाही. तेव्हापासून कुठल्याही मजकुरात 'नाही' आलं की माझं पेन अडतं.

प्रूफ परत पाठवतोय. मात्रा काढली आहे, 'नाही' लिहिलं आहे, समासात सही केली आहे. काकांच्या हस्तलिखिताचं ते पानही सोबत आहे. काकांचं सगळं नाव त्या चुकीच्या ओळीवर उभं आहे, त्यामुळे दगडावर काय कोरायचं ते तूच ठरव. मला माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण बाबांवरचा राग आता सोड. त्या दोघांत भांडण उरलंच नव्हतं, ताई. मध्ये मी होतो.

तुझाच,
धाकटा