देशमुख साहेबांचं माप

मंगळवार, संध्याकाळ

देशमुख साहेबांनी मापानं बनवलेले गोल्फचे क्लब आज परत आणले. "शेख, हे माझ्यासाठीच बनवलेत ना?" एवढंच विचारलं. चिडले असते तर बरं झालं असतं. बॉल सारखा उजवीकडं जातो म्हणे. मी सरावाच्या जाळीसमोर सात-आठ फटके मारायला लावले. सगळे सारखे. सावकाश, गुडघा सांभाळून. आणि तरी मी काय म्हणालो? "साहेब, तुमचा स्विंग एकसारखा नाय." त्यांनी मान डोलावली, क्लब उचलले, गेले.

का बोललो असं? माप घेतलं त्या दिवशी साहेब फटक्याचा वेग मोजणाऱ्या मशीनसमोर दातओठ खाऊन मारत होते, आणि मी प्रत्येक आकड्याला "वा साहेब!" करत होतो. त्याच वेगावर क्लबची कडक दांडी निवडली; सावकाश फटक्याला ती वाकत नाय, आणि बॉल उजवीकडं जातो. मीच.

जेवताना अब्बांना सांगितलं. गुलमंडीत सारी उमर शिलाई केलेला माणूस. म्हणाले, "मापाला उभं राहिलं की माणूस पोट आत घेतो. पयले उसकू साँस तो छोडने दे, फिर फीता डाल." दुकानात ते आधी गप्पा मारायचे, फीता गळ्यातच. पोट सुटलं की मग माप.

लई थकल्यासारखं झालंय. पोट आत घेतलेल्या माणसाचं माप घेतलं मी, आणि वर "वा" म्हणून ते आणखी आत घ्यायला लावलं. फोन हातात घेऊन दोनदा खाली ठेवला. साहेब आता घरच्या अंगणात उभे असतील, न बिघडलेला स्विंग दुरुस्त करत.