डिकाक्शनच्या दाढेबाबत

प्रति,
मा. संचालक,
दक्षिण भूस्तर व जीवाश्म अभ्यास केंद्र,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय : चूक-दुरुस्तीत छापलेले अर्जदाराचे नाव काढून योग्य जागी घालण्याबाबत.
संदर्भ : अड्यार शाखेने खुलासा मागितल्याचे पत्र, दि. ३ मार्च २००६.

महोदय,

१. अर्जदार त्रिपुरसुंदरी राव ही अड्यार शाखेत अकरा वर्षे वेचणीचे काम करते. हिमाचलातून पोत्यांनी आलेली माती धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने लाखो वर्षांपूर्वीच्या उंदरांच्या दाढा टिपायच्या, हे ते काम. दाढ मोहरीएवढी. आजचे पहाडी उंदीर कोणत्या कुळातले, हे ती दाढ सांगते. ती कोणी शोधली हे कोणी विचारत नाही. अर्जदाराचीही तक्रार नव्हती, कारण शाखाप्रमुख डॉ. राघोत्तम यांना ती भाऊ मानत होती.

२. शाखेत एक रिवाज आहे. साहेब कोठारातल्या पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराची दाढ कॉफीच्या डिकाक्शनमध्ये, म्हणजे दाट काळ्या अर्कात, बुडवून जुनाट करतात आणि गुपचूप मातीत टाकतात. ओळखणाऱ्याला फिल्टर कॉफी आणि वहीत साहेबांची सही मिळते. अर्जदार एकदाही फसली नाही. साहेब म्हणत, “त्रिपुराक्का, तुमच्या डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शकानंही हात टेकले.”

३. दि. १४ नोव्हेंबर २००४ रोजी अर्जदाराने डिकाक्शनची दाढ ओळखली, लाल डबीत घालून दिली व सही घेतली. त्याच दुपारी त्याच मातीत खरी दाढ निघाली. तशी तोवर कधीच पाहिली नव्हती. ती निळ्या डबीत ठेवून साहेबांना सांगताच ते खुर्चीवरून उठले, आणि परिषदेचे विमान गाठायच्या गडबडीत लाल डबी खिशात घालून गेले.

४. पुढे ‘पहाडी उंदरांचा मूळपुरुष’ असा निबंध छापून आला. लेखक एकच. अर्जदाराने स्वतःचे नाव आभारांत शोधले, मग तळटीपांत शोधले. ते नव्हते. छायाचित्रात मात्र कोठारातल्या उंदराची दाढ होती! तिने साहेबांना एकांतात सांगितले. ते म्हणाले, “अक्का, कुठं बोलू नका, माझी अब्रू जाईल.” अर्जदार बोलली नाही. तिची ती चूक झाली.

५. इतर अभ्यासकांनी ती दाढ नकली असल्याचे ओळखल्यावर गेल्या महिन्यात दुरुस्ती छापली गेली : ‘वेचणी सहायक श्रीमती त्रिपुरसुंदरी राव यांच्या हलगर्जीपणामुळे.’ अकरा वर्षांत पहिल्यांदाच अर्जदाराचे नाव छापून आले, तेही असे. वर सात दिवसांत खुलासा न दिल्यास कामावरून कमी करण्याचे पत्र आले. त्यावर सही साहेबांचीच आहे. करून गेला गाव आणि दुसऱ्याचे नाव! महोदय, नोकरी गेली तर अर्जदार तांबरमला घरी बसेल, पण हलगर्जी हा शब्द घेऊन बसणार नाही.

६. सबब सोबतचे पाहून निर्णय द्यावा, ही विनंती.

आपली, अद्याप कामावर असलेली,
त्रिपुरसुंदरी राव
चेन्नई, दि. ७ मार्च २००६

सोबत :
(अ) वहीचे पान. त्यावर ‘नकली दाढ ओळखली’ असा साहेबांच्या हातचा शेरा, सही व तारीख.
(आ) निळी डबी. खरी दाढ आत आहे. सोळा महिने ती कोणी मागितली नाही. झाकणावर ‘शोधणाऱ्याचे नाव’ ही ओळ अर्जदाराने कोरी ठेवली आहे. ती आपण भरावी.