भिंतीपलीकडची टकटक

दि. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी शेठच्या दुकानातून सामान घेतलं आणि बँकेतल्या साहेबांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात भांड्यांचं कपाट टांगायचं होतं. वरची भोकं नीट झाली. खालचं पाडत असताना पलीकडच्या खोलीत काहीतरी मोठं पडलं. जाऊन पाहिलं तर साहेबांच्या आईंच्या खोलीतला आरसा खाली आला होता. माणसाएवढा, सागवानी चौकटीचा, त्यांच्या लग्नातला. आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि काचा त्यांच्या पावलांपर्यंत आल्या होत्या. हाताला लागलं होतं, सूनबाईंनी पट्टी बांधली. मी काचा वेचल्या, कपाट तसंच जमिनीवर ठेवलं आणि घरी आलो.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंतीत भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते पाहायची तुमच्यात पद्धत नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. मी पाहिलं नाही, एवढंच मी म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर दुकानात फोन केला. शेठ बाहेरगावी आहेत, महिनाअखेरीला येतील, मग समोरासमोर बसून ठरवू असा निरोप आला. शेठचा नियम तुला माहीत आहे. मोडतोड घरच्यांच्या चुकीने झाली तर कारागिराला बोल नाही. कारागिराच्या चुकीने झाली तर भरपाई त्याची, आणि पुन्हा त्याला कुणाच्या घरी पाठवायचं नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला लिहितो. आमची कामाची रीत तू पाहिली आहेस. मी ड्रिल घेऊन अलीकडे, ही पलीकडे. ही तिकडची भिंत मोकळी करायची, हात टेकून उभी राहायची. मी हातोडीच्या दांड्याने दोनदा टकटक करायचो. तिकडून दोनदा टकटक आली की मोकळं आहे, चालू कर. एकदाच आली तर थांब. इतकी वर्षं दुसऱ्या पद्धतीने भिंतीला हात लावलेला नाही. ही गेल्यापासून मी आपला दुकानातच कपाटं जोडत होतो. त्यानंतर कुणाच्या घरी जायची ही पहिलीच वेळ.

आज मी सवयीने टकटक केली. केल्यावर लक्षात आलं की पलीकडे कोणी नाही. आणि ताई, तिकडून दोनदा टकटक आली. मी चालू केलं.

ती खरंच आली की मीच मनाने ऐकली, हे मला कळत नाही. संध्याकाळपासून तेवढंच डोक्यात आहे. असे कान घेऊन लोकांच्या घरी कसं जायचं?

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, पण या वेळी जरा जास्त हवा आहे.

तुझा,
खिळ्या

*

दि. ९ ऑगस्ट

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोनवर तू हूं आणि बरं यापलीकडे जात नाहीस, म्हणून तुला पत्र लिहायची शिक्षा मी लावली. पण असलं पत्र येईल असं वाटलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं आणि तुझ्या भावोजींना एकदा वाचून दाखवलं. रागावू नकोस. या घरात माझ्या पोटात काही राहत नाही.

त्यांचं पहिलं म्हणणं असं की कान तपासून घे. माझं पहिलं म्हणणं असं की तू नीट जेवतोस का ते सांग. उपाशी माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. सकाळचा भात संध्याकाळी आणि संध्याकाळचा सकाळी, असलं तुझं चालू असणार. मागच्या खेपेला तुझ्याकडे आले तेव्हा डब्यात डाळीपेक्षा खिळे जास्त होते.

तुमची रीत मी कशी विसरेन? माझ्या घरी गिझर बसवायला आलात तेव्हा भिंत मोकळी करायच्या नावाखाली तिने माझा अख्खा माळा आवरून ठेवला होता. तू अलीकडून विचारायचास, ती पलीकडून उत्तर द्यायची, आणि दिवसभरात तुम्ही दोघं तोंडाने चार शब्द बोलला नसाल. मी तेव्हा हसले होते की यांचा संसार भिंतीवर चालतो.

म्हणून सांगते, घाबरू नकोस. आपलं माणूस गेलं की घर काही दिवस बोलतं. आई गेली तेव्हा मला तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. पण बांगड्या ऐकून मी हातात ड्रिल धरलं नव्हतं, एवढा फरक आहे. तेव्हा एक कर. त्या घरी जा, आजीबाईंची चौकशी कर आणि त्या वेळी खोलीत कोण होतं ते सरळ विचार. भुताने टकटक केली की माणसाने, ते एकदा कळू दे. तोंड उघडायचं म्हणजे तुझ्या जिवावर येतं हे ठाऊक आहे, तरी उघड.

आणि तिचा स्वेटर अजून खुंटीवरच आहे का? धुळीने खराब होईल. मी येऊन आवरते म्हटलं तर नको म्हणालास. बरं, नको तर नको.

लोभ आहे म्हणून तर रागावते. तो वाढवायचा की आटवायचा ते तुझ्या जेवणावर.

तुझी,
ताई

*

दि. १७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेवतो. काल वरण केलं होतं. खारट झालं, पण केलं.

काल त्या घरी गेलो. रिकामी चौकट न्यायला आलो असं सांगितलं. सूनबाईंनी दार उघडलं आणि मला आजींच्या खोलीत सोडून गॅसवरचं पाहायला गेल्या. आजी पलंगावर होत्या. हाताची पट्टी लहान झाली आहे. कसं आहे असं मी विचारलं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं की त्या दिवशी भिंतीवर टकटक करून मला काय सांगत होतास.

ताई, टकटक त्यांनी केली होती.

त्या आरशासमोर वेणी घालत उभ्या होत्या. भिंतीतून टकटक आली. त्यांच्या खोलीकडे दिवसभर कुणी फिरकत नाही. जेवण आणून देतात तेव्हाही दार नुसतं ढकलून येतात. कुणीतरी हाक मारतंय असं वाटून त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनीही बोटाने तशीच टकटक केली. मग मशीन सुरू झालं. भिंत थरथरायला लागली तेव्हा त्या घाबरून मागे सरल्या, आणि आरसा खिळ्यावरून सुटताना दिसला तसं तो धरायला पुन्हा पुढे गेल्या. हात त्यात कापला.

म्हणजे मी चालू केलं तेव्हा त्या नेमक्या त्या जागी, भिंतीला हात लावून उभ्या होत्या. जिथे ही उभी राहायची तिथे. हे ऐकल्यावर मला तिथे बसवेना.

सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या की मुलाला मात्र त्यांनी सांगितलंय की त्या पलंगावरच होत्या आणि काच उडून लागली. गेल्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. एकटीने उठायचं नाही असं तेव्हापासून बजावलेलं आहे. पुन्हा उठलेली दिसलीस तर वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, असं साहेब एकदा बोलून गेले आहेत. ते रागात बोलले असतील असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या की रागात बोलले असते तर विसरले असते. मी कुणाला सांगू नये असं काही त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या हातावर त्यांनी खडीसाखर ठेवली.

माझे कान ठीक आहेत. आता काय करावं ते कळत नाही. शेठ महिनाअखेरीला येतात.

उत्तर लवकर दे. माया आहे तशी ठेव.

तुझा,
खिळ्या

*

दि. २१ ऑगस्ट

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

वाचून जीव भांड्यात पडला. रोज तुझी काळजी करत होते. आता रोज चीड येते.

सांगून टाक. तू विचारलंस, त्यांच्या घरातून होकार आला, मग तू काम सुरू केलंस. यात तुझी चूक ती कोणती? शेठसमोर एवढं एक वाक्य बोललास की तू सुटलास. म्हातारीच्या मुलाने म्हातारीला कुठे ठेवायचं हा त्यांच्या घरचा प्रश्न. तू दुसऱ्याच्या म्हातारीसाठी आपलं काम घालवलंस तर तुझी चूल कोण पेटवणार? दुकानात फळ्या जोडत बसशील आणि घरी येऊन भिंतीकडे पाहशील. कुणाच्या दारात उभं राहणं, चार माणसांत जाणं, हेच तर तुला कामाने मिळत होतं. ते गेलं तर तू पार मुका होशील, याची मला जास्त भीती आहे.

इतकं लिहिलं आणि तुझ्या भावोजींना ऐकवलं. ते नेहमीप्रमाणे पेपरमागून म्हणाले की म्हातारीला टकटकीचा अर्थ कुणी शिकवला होता का. मी म्हटलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? ते म्हणाले, भिंतीच्या. असल्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली आहेत.

पण रात्री ते मनात घोळत राहिलं, ते लपवत नाही. तुमची खूण तुमच्या दोघांची होती. बाहेरच्या माणसाने ती चुकून वाजवली तर त्याला जबाबदार धरायचं कसं? तरीही मी बहीण आहे, न्यायाधीश नाही. माझा सल्ला तोच, सांगून टाक. नाहीतर निदान मला बोलावून घे, तुझ्या प्रत्येक भिंतीपलीकडे मी उभी राहते. माझ्या वजनाने आरसाच काय, भिंतही जागची हलणार नाही.

जे करशील ते कळव. लोभ तुझ्या निर्णयावर टांगलेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

*

दि. ३१ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेठ परवा आले. दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. साहेबही आले होते. त्यांचं म्हणणं असं होतं की आरशाचं एवढं काही नाही, पण आई पलंगावर नसती, आरशाजवळ असती तर काय झालं असतं याचा विचार करून त्यांना झोप येत नाही. मला त्यांच्याकडे पाहवेना. मग शेठनी मला विचारलं की घरच्यांनी भिंत मोकळी असल्याचं सांगितलं होतं का.

वाक्य तयार होतं. तू दिलेलंच होतं. मी म्हणालो की मी विचारलं नाही आणि पलीकडे जाऊन पाहिलं नाही. भावोजी म्हणाले तेच खरं. टकटक ही काही विचारणा नव्हे. पलीकडे ही असायची तेव्हा ती विचारणा होती. ही नाही, तर पायाने चालत जाऊन पाहायचं काम माझं होतं, आणि आजींनी भिंत वाजवली म्हणून ते टळत नाही. एवढं सगळं मी तिथे बोललो नाही. तुला लिहितो आहे.

शेठ म्हणाले की आरसा मी बसवून द्यायचा आणि त्यानंतर लोकांच्या घरची कामं बंद. कधीपर्यंत ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तू रागावशील. रागाव.

आज सकाळी जुन्या चौकटीत नवी काच घालून ती घेऊन गेलो. साहेबांनी स्वतः एक बाजू धरली. त्यांना मी एवढंच सुचवलं की कारागीर घरात असताना आजींना कुणीतरी आधी जाऊन सांगावं, एरवीही मधूनमधून दार वाजवावं. त्यांनी मान हलवली. आजींनी मला विचारलं, मी टकटक करू का? मी त्यांना लांबच्या खुर्चीत बसवलं, स्वयंपाकघरात जाऊन तिकडची भिंत पाहिली, परत येऊन आरशाच्या आधाराला जाड पट्ट्या ठोकल्या. आरसा टांगल्यावर त्या खुर्चीतूनच आपली वेणी पाहत होत्या. मग पलीकडचं कपाटही टांगून दिलं, तेव्हा प्रत्येक भोकाआधी त्यांच्या खोलीत जाऊन आलो. सूनबाई म्हणाल्या की असं किती वेळा येणार-जाणार. मी म्हणालो की आता असंच.

घरी आलो तर ड्रिल हातातच होतं. हिला ओट्यावर मसाल्यांसाठी फळी हवी होती. फळी कापून तशीच पडली आहे. खुणा केल्या आणि सवयीने टकटक करायला हात उचलला. मग हातोडी खाली ठेवली आणि पलीकडच्या खोलीत गेलो. त्या भिंतीवर खुंटी आहे आणि खुंटीवर हिचा स्वेटर. भोक पाडलं की चुना झडतो, हे मला माहीत नाही असं नाही.

पत्र इथवर लिहून उठलो होतो, आता पुरं करतो. तुझी काळजी कमी होवो, माया मात्र होऊ नये.

स्वेटर काढला, झटकला, बाह्या आत घेऊन घडी घातली आणि कपाटात ठेवला. भिंतीवरून हात फिरवला. मग अलीकडे आलो आणि फळी बसवली.

तुझा,
खिळ्या