बावखलातलं एक ताट

मी, मटिल्डा फ्रेडरिक तुस्कानो, वय एकाहत्तर, धंदा केळीची बाग व भाजीपाला, राहणार सांडोर, वसई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करत आहे. मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. उद्या कोणी म्हणेल, म्हातारीला समजत नव्हतं, म्हणून हे आधीच सांगितलं.

राहतं घर माझ्या दोन्ही मुलांना, ज्युलियस आणि लूर्डस यांना, सारखं. पितळी हंडे आणि माझं लाल लुगडं लूर्डसला. माझ्या नवऱ्याचं, फ्रेडरिकचं, मनगटी घड्याळ ज्युलियसला. ते बंद पडलंय, पण आईकडे यायला ज्याला कधी वेळच नसतो त्याला चालेल.

बाग आणि बागेतलं बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं, हे मात्र एकट्या लूर्डसला. ज्युलियस, तुला राग येईल. खुशाल येऊ दे. "आई, भरून टाक ना ते डबकं, दोन फ्लॅट येतील आपल्याला," असं तू त्याच्याच काठावर उभा राहून म्हणालास. त्याचं डबकं कोणी केलं, हे तुला ठाऊक होतं. नाल्याच्या वरच्या अंगाला धातूला मुलामा चढवणारा कारखाना आला आणि त्याचं सांडपाणी आमच्या बावखलात उतरू लागलं. त्या पाण्यावर आमचं अळू वाढलं, त्यातच मासे पोसले. गाळात आणि माशांत कॅडमियम व शिसं असल्याचं प्रयोगशाळेने लेखी दिलं, तोवर आम्ही वर्षानुवर्षं तेच जेवत होतो.

फ्रेडरिकची मूत्रपिंडं माझ्याआधी गेली. तो अंथरुणाला खिळला तेव्हा बाजारचं काही मी त्याच्या तोंडाला लागू दिलं नाही. आपल्या घरचं, आपल्या पाण्यातलं, म्हणून त्याला रोज माशाचं कालवण भरवलं. पुढे फादर म्हणाले, "मटिल्डाबाय, मनावर ओझं असेल तर कन्फेशनला ये." मी गेले नाही. ते पाप माझं नाही, आणि ज्याचं आहे त्याच्या वतीने मी गुडघे टेकणार नाही.

कारखान्याविरुद्धची तक्रार माझ्या नावावर आहे. मी डोळे मिटले की ती गुंडाळता येईल, या आशेवर मालक बसले आहेत. म्हणून बाग देताना अट घालते: लूर्डसने वारस म्हणून तक्रार पुढे चालवावी. बावखल विकू नये, बुजवू तर मुळीच नये. तो गाळ आमचा पुरावा आहे. दफनाआधी डॉक्टरांनी माझ्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासणीसाठी काढून घ्यावा. जिवंतपणी माझं कोणी ऐकलं नाही, निदान त्याचं तरी ऐकतील.

तक्रार मागे घ्यायची एकच वाट ठेवते. सुनावणीच्या वेळी मालक मला हसत म्हणाले होते, "आजी, एवढं-तेवढं सगळ्याच अन्नात असतं. त्याने काही होत नाही." तर मी गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये माझ्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होईल आणि त्यानंतर घरी जेवण होईल, त्याचं त्यांना रीतसर आमंत्रण द्यावं. बाकी पाहुण्यांसाठी सगळं बाजारातून आणून रांधावं. मालकांच्या ताटात मात्र बावखलातल्या माशाचं कालवण आणि काठावरचं अळू वाढावं. त्यात काय आहे, ते त्यांना आधी वाचून दाखवावं. त्यांनी ताट स्वच्छ केलं तर लूर्डसने त्याच दिवशी तक्रार मागे घ्यावी. ते आले नाहीत, तर ताट सगळ्यांना दिसेल असं मांडून ठेवावं, आणि दरवर्षी माझ्या मिस्साला पुन्हा मांडावं.

पाहुणे उठल्यावर ते अन्न डब्यात बंद करावं. कुत्र्या-मांजरांना घालू नये. त्यांनी आमचं काही वाईट केलेलं नाही.

वरचं सगळं मी स्वतः वाचलं. एकही शब्द बदलायचा नाही.

सही: मटिल्डा फ्रेडरिक तुस्कानो

आमच्यासमोर सही केली:
१. सिप्रियन लोपीस, शेजारी
२. कॅरल डाबरे, परिचारिका

स्थळ: सांडोर, वसई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४