चाळीस वॅटवर लावू नकोस

मिरलान बाइके, दादा, व्हेप तोंडाला लावण्याआधी हे वाच! व्हेप तापवणारी तयार कॉइल बंदीमुळे आता बिश्केकभर कुठे मिळेना, म्हणून मीच एक घरी वळून बसवलीय. पण तार बारीक आहे रे! सवयीनं चाळीस वॅटवर लावलीस तर आतला कापूस जळेल, घसा पोळेल आणि तू मला शिव्या घालत सिगारेट आणायला पळशील. ओळखते मी तुला! बारा वॅटपासून सुरू कर, हळूहळू वाढव, वाफ कोमट लागली की थांब. जळकट लागलं तर कमी कर. मी परीक्षेला पळतेय, संध्याकाळी दुसरी वळून देते. पण सिगारेट नको, हात जोडते. तू खोकलास तेव्हा रुमालावर पडलेलं रक्त मी धुतलं. आईनं विचारलं, तर तुझा घोळणा फुटला म्हणाले. पुन्हा तिच्याशी खोटं बोलायला मला जमणार नाही.

तुझी धाकटी बहीण, नुरझात